तुम्ही 'पोस्ट' नाही, 'टाइम्स' आहात

पत्र :

नमस्कार ताई. मी नाशिकला पंचवटीत राहते. माझ्या सासऱ्यांनी एक साप्ताहिक काढलं होतं. ते गेल्यावर मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक म्हणून माझं नाव लागलं, कारण आमचे मिस्टर अनुदानित शाळेत शिक्षक, त्यांच्या नावावर करणं अडचणीचं होतं. मी नावापुरतीच. हिशेब आणि प्रुफं बघते. घराखाली छोटं ऑफसेट मशीन आहे. घर चालतं ते लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि संस्थांचे अहवाल छापून, साप्ताहिकावर नाही.

महिन्यापूर्वी आमच्याकडे बातम्या देणाऱ्या तरुण मुलाने तेवीस झेरॉक्स आणून दिल्या. एका पतसंस्थेच्या आहेत. संचालकांच्या नातेवाइकांना विनातारण कर्जं, ती थकलेली, आणि थकबाकी दिसू नये म्हणून त्यांनाच पुन्हा नवी कर्जं, असं त्यांवरून दिसतं. बऱ्याच पानांचा खालचा भाग कापलेला आहे. अडचण अशी की आमचं मशीन त्याच संस्थेच्या कर्जावर घेतलंय, धाकटे दीर जामीनदार आहेत, संस्थेचा वार्षिक अहवाल आम्हीच छापतो आणि दिवाळी अंकाचं मलपृष्ठही त्यांचंच असतं.

त्याच आठवड्यात कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मला 'द पोस्ट' हा सिनेमा दाखवला. तेव्हापासून ती म्हणते, "आई, छाप." मिस्टर म्हणतात, "सिनेमा दोन तासांत संपतो, हप्ते संपत नाहीत." तो मुलगा म्हणतो, पुढच्या अंकात नाही आलं तर मी यूट्यूबवर टाकतो. आणि परवा चेअरमन मेन रोडला भेटले. घरच्या लग्नकार्यात येणारा माणूस. म्हणाले, "वहिनी, काहीबाही कानावर येतंय. लोकांच्या घामाच्या ठेवी आहेत, जरा जपून." ही धमकी की विनंती, तेही मला कळलं नाही. आपल्या नाशिकला असलं काही कुठे होतं? मी काय करू?

— एक प्रकाशिका

उत्तर :

ताई,

पुढच्या अंकात छापू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे आज रात्री झोप लागेल. कधीच छापू नका, असं मात्र मी म्हणत नाहीये. तेव्हा हे उत्तर मिस्टरांच्या हातात लगेच देऊ नका, पहिली ओळ वाचून ते पान मिटून ठेवतील.

'द पोस्ट' मलाही आवडतो. स्पिलबर्गने 2017 साली केलेला, मेरिल स्ट्रीप आणि टॉम हँक्सचा. त्यात 'वॉशिंग्टन पोस्ट'ची मालकीण कॅथरिन ग्रॅहम कंपनीच्या बैठकीला जाते तो प्रसंग आठवा. मुद्दे घरून घोकून आणलेत, फाईल छातीशी धरलीय, आणि बोलायची वेळ आली की तोंडातून शब्द फुटत नाही. मग शेजारचे गृहस्थ तिचाच मुद्दा सहज बोलून जातात आणि सगळे माना डोलावतात. पालकसभेपासून सोसायटीच्या मीटिंगपर्यंत कितीजणींनी हे सोसलंय! शिवाय तिचाही कारभार नावापुरताच धरला जात होता. वडिलांनी 1933 साली लिलावात घेतलेलं वृत्तपत्र त्यांनी मुलीकडे न सोपवता जावयाकडे सोपवलं. 1963 मध्ये नवरा गेला तेव्हा कुठे ते तिच्याकडे आलं. त्या बाईत तुम्हाला स्वतःची ओळख पटली यात नवल काहीच नाही.

पण त्या ओळखीपायी तुम्ही सिनेमाचा वेगही आपला मानून बसलात, आणि माझं भांडण आहे ते त्याच्याशी. सिनेमात सगळं एका रात्रीत ठरतं. घरी पाहुणे, फोनवर चार-पाच जण एकाच वेळी, वकील म्हणतात थांबा, संपादक म्हणतो छापा, खाली यंत्रं सज्ज, आणि बाई म्हणते, छापा. बघताना अंगावर काटा येतो. मात्र ती रात्र कशाच्या जोरावर परवडली, ते बघा. अमेरिकेचा व्हिएतनाममधला कारभार 1945 पासून 1967 पर्यंत कसा चालला, याचा गुप्त अहवाल, म्हणजेच सिनेमातले ते 'पेंटॅगॉन पेपर्स', तिथले संरक्षणमंत्री मॅकनामारा यांनीच करवून घेतलेला. 47 खंड, सुमारे 7,000 पानं. त्या अहवालावर काम केलेल्या डॅनियल एल्सबर्गने त्याच्या चोरून झेरॉक्स काढल्या. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या वार्ताहराला त्या मिळाल्या मार्च 1971 मध्ये आणि पहिला लेख छापून आला 13 जूनला. मधले तीन महिने त्यांनी काय केलं? न्यूयॉर्कच्या एका मोठ्या हॉटेलात खोल्या घेतल्या, दारं लावून घेतली आणि वाचत बसले. पूर्वी छापून आलेल्या माहितीशी, लोकांच्या आठवणींशी, सरकारी निवेदनांशी एकेक ओळ ताडून पाहिली. वकिलांशी भांडले. तीन दिवस लेख आले आणि 15 जूनला सरकारने कोर्टातून ते थांबवले.

'वॉशिंग्टन पोस्ट'च्या हाती कागद आले ते त्यानंतर, आणि त्यांचा पहिला लेख आला 18 जूनला. तोवर कागद खरे की खोटे हा प्रश्नच उरला नव्हता. सरकारने स्वतः कोर्टात धाव घेऊन त्यांच्या खरेपणावर शिक्का मारला होता! म्हणून ग्रॅहमबाईंपुढे त्या रात्री एकच प्रश्न होता : खरं आहे हे माहीत असलेलं छापायचं धाडस करायचं की नाही.

तुमच्यापुढे तो प्रश्न अजून आलेलाच नाही. तुमचे तेवीस कागद तुमच्याआधी कोणी छापलेले नाहीत. चेअरमन मेन रोडला काहीतरी पुटपुटले, तो काही खरेपणाचा दाखला होत नाही. तुम्ही या गोष्टीत 'पोस्ट' नाही, 'टाइम्स' आहात, आणि 'टाइम्स'चे ते तीन महिने सिनेमात जवळजवळ नाहीतच. (ही 'टाइम्स'वाल्यांची जुनी तक्रार आहे, आणि रास्त आहे. मूळ मेहनत त्यांची, सिनेमा दुसऱ्यांचा.) माणसं बसून कागद वाचतायत, हे पडद्यावर किती वेळ दाखवणार? तुम्हाला मात्र तेच करायचंय.

तर कागदांपासून सुरुवात करू. पानांचा खालचा भाग कापलेला आहे म्हणता. सिनेमातही हा घोळ आहे : 'अतिगुप्त' असा शिक्का जाऊ दे म्हणून कडा कापल्या, त्याबरोबर पृष्ठक्रमांकही गेले, आणि संपादकाच्या घरात जमिनीवर पसारा मांडून ती मंडळी पानं जुळवत बसली. तुमच्या कागदांच्या कडा कोणी कापल्या आणि का, हे त्या मुलाला विचारा. ज्याने दिले त्याने स्वतःला वाचवायला कापल्या असतील, तर ठीक. पण खाली 'मसुदा' असं लिहिलेलं असेल, किंवा पुढच्या पानावर 'सदर कर्ज वसूल' अशी नोंद असेल, तर सगळी बातमी उलटी होते. मग एकेक कागद घ्या. जावक क्रमांक आहे का, तारखा क्रमाने लागतात का, कर्ज खात्याचे आकडे एका यादीतून दुसऱ्या यादीत गेल्यावर तेच राहतात का, बेरीज जमते का. तुम्ही इतकी वर्षं प्रुफं वाचताय. एका वेलांटीवरून पान परत पाठवणारी नजर तुमच्याकडे आहे, ती वार्ताहराकडे नाही आणि तुमच्या मुलीकडेही नाही. 'नावापुरती' हा शब्द पुन्हा मला लिहू नका.

आणखी एक, मागल्या दारानेच घरात शिरायला पाहिजे असं नाही. संस्थेचा वार्षिक अहवाल तुम्हीच छापता, म्हणजे गेल्या चार-पाच वर्षांचे अहवाल तुमच्या गोडाऊनमध्ये गठ्ठ्याने पडलेले असणार. ते आधी काढा. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडची येणी, थकबाकीचं प्रमाण, लेखापरीक्षकांचे शेरे. आपणच छापलेलं आपण कधी वाचत नाही. ते सभासदांना वाटलेले, उघड कागद आहेत. मात्र यंदाच्या अहवालाचा मजकूर छपाईसाठी तुमच्याकडे आला असेल आणि अजून सभासदांपर्यंत पोचला नसेल, तर त्याला हात लावू नका. तो गिऱ्हाइकाने विश्वासाने दिलेला माल आहे.

दुसरं, कर्ज देताना संस्थेने तुम्हाला सभासद करून घेतलं असेल. कपाटात शेअर सर्टिफिकेट आहे का बघा. पूर्ण सभासद असाल तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 32 खाली काही कागद पाहण्याचा आणि नकला मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. नाममात्र सभासद असाल तर गावात पूर्ण सभासद असलेलं कोणीतरी सापडेलच. तिसरं, माहितीचा अधिकार. संस्था म्हणेल आम्हाला तो कायदा लागू नाही, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण केरळमधल्या थलप्पलम बँकेच्या प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निबंधकाकडे, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, असलेली, किंवा कायद्याने त्याला संस्थेकडून मागवता येणारी माहिती निबंधकाकडे मागता येते. तेव्हा अर्ज संस्थेकडे करूच नका, उपनिबंधक कार्यालयात करा. लेखापरीक्षण अहवाल, दोषदुरुस्ती अहवाल, कलम 83 ची चौकशी किंवा 88 खाली जबाबदारी निश्चित करण्याची कारवाई झाली असल्यास तिचे आदेश, एवढं मागा. मुदत 30 दिवसांची आहे. तिथे कधी कधी अपिलात जावं लागतं, ती तयारी ठेवा.

हा सगळा आटापिटा कशासाठी, तर एकदा हेच आकडे सही-शिक्क्याच्या कागदावर तुमच्या हाती आले की ज्या कोणी कारकुनाने किंवा रोखपालाने ते तेवीस कागद बाहेर काढले, त्याला बातमीत कुठे यावंच लागत नाही. 1978 च्या प्रेस कौन्सिल कायद्यात बातमीचा स्रोत सांगायला भाग पाडता येणार नाही असं कलम आहे खरं, पण ते कौन्सिलपुढच्या कामकाजापुरतं. कोर्टात त्याच्यावर विसंबून राहता येत नाही. आणि हो, त्या झेरॉक्सचे फोटो अंकात छापू नका. कोपऱ्यातली पेनाची खूण, झेरॉक्स मशीनचा काळा पट्टा, स्टेपलरची भोकं. कार्यालयातल्या माणसाला हा कोणाच्या टेबलावरचा कागद आहे हे एका नजरेत कळतं.

आता चेअरमनसाहेबांचं वाक्य. त्याच्यावर मी बराच विचार केला, कारण ते वाटतं तितकं पोकळ नाही. निक्सन सरकारही हेच म्हणत होतं : छापलंत तर देशाचं नुकसान होईल. सत्ता मोठी असो की तालुक्याची, आपलं झाकायचं असलं की ती लोकांच्या नुकसानीची काळजी करू लागते. पण पतसंस्थेच्या बाबतीत ते नुकसान खोटं नसतं. तुम्ही 'संस्था बुडाली' असा मथळा दिलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात रांग लागेल, आणि धडधाकट संस्थासुद्धा एका दिवसात सगळ्यांच्या ठेवी परत देऊ शकत नाही. रांगेत पुढे कोण असतो? ज्याला आतून फोन गेलाय तो. द्राक्षाचे पैसे ठेवलेला निफाडकडचा शेतकरी आणि पेन्शन ठेवलेली म्हातारी मागेच राहतात.

याला न छापणं हा उपाय नव्हे. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. म्हणजे इथल्या ठेवीदाराला माहितीची गरज जास्तच. उपाय शब्दांत आहे. कागद जितकं सांगतो तितकंच लिहा. अमुक वर्षाच्या लेखापरीक्षणात अमुक इतकी विनातारण कर्जं नोंदवली आहेत, त्यांपैकी इतकी संचालकांच्या नात्यात आहेत, इतकी थकलेली आहेत. 'घोटाळा' हा शब्द चौकशी अधिकारी वापरेपर्यंत तुम्ही वापरू नका. साध्या कर्जदारांची नावं नकोत, खाते क्रमांक नकोत. एल्सबर्गने स्वतः 47 पैकी वाटाघाटींचे चार खंड वर्तमानपत्रांना दिलेच नव्हते, ही गोष्ट सिनेमाप्रेमी मंडळी सोयीने विसरतात. काय गाळायचं हे ठरवणं भित्रेपणात मोडत नाही.

छापण्याआधी चेअरमन आणि व्यवस्थापकांना लेखी प्रश्न पाठवा, पोच घ्या, आठवडाभर मुदत द्या आणि त्यांचं उत्तर त्याच अंकात, तेवढ्याच ठळकपणे छापा. मेन रोडवरचं बोलणं मात्र बातमीत आणू नका. ते लग्नकार्याच्या नात्यात झालेलं बोलणं आहे, आणि तशी नाती नाशिकला उद्याही लागणार आहेत.

नाशिकला असलं काही कुठे होतं, असं तुम्ही विचारलंत. ताई, पंचवटीतून पूल ओलांडून गावात या आणि तिळभांडेश्वराच्या गल्लीत जरा थांबा. इथल्या बाबाराव सावरकरांना कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल जून 1909 मध्ये जन्मठेप, काळ्या पाण्याची, आणि वर मालमत्ता जप्त. त्याच वर्षी 21 डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनला अनंत कान्हेरेने गोळ्या घातल्या, हे शाळेच्या पुस्तकात असतं. त्याच्या मुळाशी छापलेल्या कवितांचा एक खटलाही होता, हे मुलांना फारसं सांगितलं जात नाही. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी 1910 मध्ये, सरकारने देशभरासाठी प्रेस ॲक्ट आणला. त्यात छापखानेवाल्याकडून आधीच अनामत भरून घ्यायची सोय होती : नव्या छापखान्याला 500 ते 2,000 रुपये, जुन्याला 5,000 पर्यंत. त्या काळचे 5,000! लेखकाला पकडत बसण्यापेक्षा मशीनवाल्याचा गल्ला धरला की काम भागतं, हे इंग्रजांना पक्कं कळलं होतं.

स्वराज्यात ते शहाणपण गेलं असं समजू नका. 1960 मध्ये केंद्र सरकारने हुकूम काढला की वर्तमानपत्राची किंमत जेवढी, पानं तेवढीच. पुण्याच्या 'सकाळ'ने त्याविरुद्ध दाद मागितली, कारण किंमत वाढवली तर वाचक जाणार, न वाढवली तर पानं जाणार. सप्टेंबर 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला आणि सांगितलं की खपावर घातलेला घाव हा अभिव्यक्तीच्या हक्कावरच घातलेला घाव आहे. मराठी वर्तमानपत्राने जिंकलेला हा खटला आपल्या घरात कोणाला माहीत नसतो, पेंटॅगॉन पेपर्स सगळ्यांना माहीत!

म्हणून मी तुमच्या मशीनच्या कर्जाकडे येते. सगळ्या पत्रात तेच खरं दुखणं आहे आणि तुम्ही ते एका ओळीत उरकलंत. ग्रॅहमबाईंचंही दुखणं तेच होतं. कंपनीचे शेअर बाजारात आले ते त्याच आठवड्यात, आणि काही आपत्ती आली तर पैसे लावणाऱ्यांना मागे फिरता येईल अशी अट करारात होती. त्या संपादकाची बायको त्याला एका शांत प्रसंगात ऐकवते ना, की तुझं काय जाणार आहे, तुला तर नावच मिळेल. जाणार ते ग्रॅहमबाईंचं. सगळ्या सिनेमात मला तो प्रसंग सर्वांत खरा वाटतो. शेवटी ती कोर्टाच्या पायऱ्या उतरते आणि दुतर्फा तरुण मुली तिच्याकडे बघत उभ्या असतात, तो त्या मानाने फारच गोड आहे. तुमच्या मुलीला नेमका तोच आवडला असणार.

तुमचं कोणाचं काय जाणार, याचा आधी कागदावर हिशेब मांडा. कर्जाचा करार काढा आणि बारीक टाइप वाचा. एकही हप्ता मागे असेल तर तो आधी भरा, दागिना गहाण टाकावा लागला तरी. हप्ते नियमित असतील तर केवळ राग आला म्हणून कर्ज उलटवणं सोपं नसतं. पण एक हप्ता चुकला तर त्यांना तुमच्याशी भांडायला बातमीची गरजच उरत नाही. दुसऱ्या बँकेकडे कर्ज वळवता येतं का याची चौकशी करून ठेवा. अहवालाचं काम आणि दिवाळीचं मलपृष्ठ गेलं असं धरून पुढच्या वर्षाचं गणित करा, कारण ते जाणारच. मिस्टरांनी या बातमीच्या एकाही फोनवर, एकाही सहीत येऊ नये. आणि दिरांना सगळं सांगा, छापायच्या कितीतरी आधी. जामीनदाराला अंक हातात पडल्यावर कळलं तर ते नातं गेलंच म्हणून समजा, आणि तेव्हा चूक त्यांची नसेल. ते जर म्हणाले की वहिनी, माझं नाव आधी सोडवा, तर ते सोडवेपर्यंत थांबा.

बातमी आलीच तर तिच्याखाली एक चौकट टाका : 'या साप्ताहिकाच्या प्रकाशकांनी सदर संस्थेकडून कर्ज घेतलेले आहे आणि संस्थेची छपाईची कामे त्यांच्याकडे होती.' चेअरमन पहिल्याच पत्रकार परिषदेत हेच सांगणार आहेत. त्याआधी तुम्ही सांगा.

कायद्याचं थोडक्यात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 30 जून 1971 रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी जे सांगितलं ते एवढंच की छापण्याआधी रोखण्याइतकं कारण सरकारने दाखवलेलं नाही. छापल्यावर जाबच विचारता येणार नाही असं ते म्हणाले नाहीत. आपल्याकडेही 1994 च्या राजगोपाल खटल्यात त्याच निकालाचा आधार घेऊन, बदनामीच्या भीतीने सरकारला किंवा अधिकाऱ्यांना आधीच प्रकाशन रोखता येणार नाही, असं ठरलं. खासगी पक्ष दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम मागू शकतो, पण मार्च 2024 मध्ये ब्लूमबर्ग विरुद्ध झी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टांना बजावलं की एकतर्फी आणि घाईने असे हुकूम देत जाऊ नका. तरीही प्रश्न पाठवल्यावर वकिलाकडून नाशिकच्या कोर्टात कॅव्हेट टाकून ठेवा, म्हणजे तुम्हाला न ऐकता हुकूम व्हायचा नाही. छापल्यानंतर अब्रुनुकसानीची फिर्याद होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड. तिथे नुसतं 'खरं होतं' म्हणून भागत नाही, ते लोकहिताचंही होतं असं दाखवावं लागतं. ठेवीदारांचे पैसे हा लोकहिताचाच विषय आहे, त्यामुळे तुमची बाजू चांगली आहे. पण चांगली बाजू असली तरी तारखा चुकत नाहीत, आणि त्या तारखांना तुम्हालाच जावं लागेल. शेवटच्या पानाच्या तळाशी 'संपादक सहमत असतीलच असे नाही' ही ओळ छापतो ना आपण? तिचा तिथे काडीचा उपयोग नाही. त्याच ओळीच्या वर तुमचं नाव आहे.

हे सगळं वाचून, कागद खरे निघूनसुद्धा, तुम्हाला वाटलं की नाही झेपणार, तर नाही म्हणा. मी तुम्हाला कमी लेखणार नाही. मात्र तसं असेल तर त्या मुलाला खोटं कारण देऊ नका. सरळ सांगा की माझ्यावर त्यांचं कर्ज आहे, मला जमत नाही, तू हे वकील आणि विधी विभाग असलेल्या मोठ्या दैनिकाकडे घेऊन जा. आणि तसं झालं तर त्या दिवाळीचं मलपृष्ठही घेऊ नका. ते पैसे मग जाहिरातीचे राहत नाहीत.

त्या बातमीदार मुलाचं तेवढं राहिलं. तो घाई करतोय ते यूट्यूबच्या हौसेने नसावं. तुम्ही महिनाभर 'बघू' म्हणताय, आणि 'बघू' म्हणजे काय हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला समोर बसवा, वर सांगितलेल्या कामांची वाटणी करा आणि तारीख द्या : माहिती अधिकाराचं उत्तर आलं की अमुक दिवशी बसून निर्णय, हो की नाही, तोंडावर. यूट्यूबवर एकट्याने टाकलंस तर फिर्याद तुझ्या एकट्यावर होईल आणि कागद देणाराही उघडा पडेल, हेही समजावून सांगा. धमकी म्हणून नव्हे, तुम्ही त्याच्या संपादक आहात म्हणून. त्याच्या मानधनाबद्दल तुम्ही पत्रात काहीच लिहिलेलं नाही. साप्ताहिकांची तऱ्हा मला माहीत आहे, तेव्हा ते थकलेलं असेल असं मी धरून चालते. त्याच्याशी बोलायला बसण्याआधी ते देऊन टाका.